भंगारातली गो-कार्ट पोरीच्या मापाची करताना

धुळ्याला एका भंगाराच्या वाड्यात ट्रकच्या पाट्यांखाली ती गो-कार्ट, म्हणजे जमिनीलगत धावणारी छोटी उघडी गाडी, दबलेली होती. चार छोटी टायरं, त्यातली दोन फाटलेली. पुढचा बंपर वाकलेला, फायबरची सीट तडकलेली, आणि इंजिनाच्या जागी नुसती चार बोल्टांची भोकं. नाशिककडची एक करमणूक बाग बंद पडली तेव्हा तिथल्या गाड्या वजनावर विकल्या गेल्या, त्यातलीच ही एक, नव्वदच्या दशकातली. साडेसहा हजारांना घेतली, छोट्या हत्तीत टाकली आणि अमळनेरला आणली. माझी मुलगी तेव्हा साडेआठ वर्षांची होती. दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या रविवारी सकाळी तिनं ती पहिल्यांदा चालवली.

ज्यांनी आजवर पाना फक्त सायकलला लावलाय, अशा आईबापांसाठी हे सगळं कामाच्या क्रमानं लिहितो आहे. क्रम फार महत्त्वाचा आहे. बरेच जण आधी इंजिन आणतात, ते फटफटलं की हुरळून जातात आणि ब्रेकचं काम मागे पडतं. लहान मुलाच्या गाडीत आधी सांगाडा, मग स्टिअरिंग, मग ब्रेक आणि त्यानंतरच इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. आमच्या घरात तर रंगाचा डबा पहिल्याच आठवड्यात आला होता. तो मी चार महिने माळ्यावर ठेवला, त्यावरून पोरगी रुसलीही. पण रंगवलेल्या सांगाड्याची चीर दिसत नाही.

गाडीची जात समजून घ्या

पहिली गो-कार्ट 1956 साली कॅलिफोर्नियात झाली. आर्ट इंगल्स नावाचा रेसच्या गाड्या बांधणारा कारागीर होता, त्यानं लू बोरेली या मित्राच्या मदतीनं पाइपांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं वेस्ट बेंड कंपनीचं छोटं इंजिन बसवलं. म्हणजे ही गाडी जन्माला आली तीच बागशेतीच्या इंजिनावर. आपल्याकडच्या करमणूक बागांतल्या पुष्कळ गाड्यांना होंडाचं जीएक्स 160 हे 163 सीसीचं इंजिन असतं. पाण्याच्या पंपांवर आणि शेतातल्या छोट्या यंत्रांवर याच जातीचं इंजिन दिसतं. त्यामुळे ते खोलणारा माणूस खान्देशात तालुक्याच्या गावी मिळतो. गो-कार्टचा मेकॅनिक शोधत पुणे-मुंबई करायची गरज नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, पुढची निम्मी कामं तिच्यावर आहेत. गो-कार्टला सस्पेन्शन नसतं, म्हणजे शॉकअप नाहीत, पाटे नाहीत. मागची दोन्ही चाकं एकाच सलग अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात, मोटारीसारखा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरपेटी, नसतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोन्ही एकाच दांड्यावर असतील तर गाडी वळायचं नाकारते, सरळच घसटत जाते. यावरची युक्ती पुढच्या चाकांत आहे. पुढच्या चाकाचा किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं ती, मागे कललेला असतो. त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की वळणाच्या आतल्या बाजूचं पुढचं चाक खाली दाबलं जातं, सांगाडा किंचित पिळतो आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं किंवा निदान हलकं होतं. मग गाडी वळते.

म्हणजे सांगाड्याचं लवचिक असणं हेच तिचं शॉकअप आहे. आपल्याकडे वेल्डिंगवाला प्रेमानं म्हणतो, "भाऊ, एक आडवा पाइप अजून टाकून देतो, मजबुती येईल." टाकू देऊ नका. असे चार पाइप वाढवले की गाडी ट्रॉलीसारखी ताठ होते आणि मुलाच्या हातांना वळता वळत नाही.

पाइप कापायच्या आधी पोर मोजा

माप घ्यायची सोपी रीत सांगतो. मुलाला भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसवा, गुडघे थोडे वाकलेले ठेवा आणि भिंतीपासून तळपायापर्यंतचं अंतर खडूनं मांडून घ्या. पेडल पूर्ण दाबलं तरी गुडघा ताठ होता कामा नये. स्टिअरिंग धरल्यावर कोपर वाकलेलं राहायला हवं, आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी पाठ सीटवरून सुटता कामा नये. मोठ्या माणसाच्या गाडीत उशी लावून मूल बसवणं हा सगळ्यात वाईट उपाय. वळणावर उशी सरकते आणि तिच्यासोबत पाय ब्रेकवरून सरकतो.

मी सीट बदलली. तडकलेल्या फायबरवर लेप देण्यापेक्षा लहान मापाची नवी सीट बरी. तिच्या कडा पोराच्या कुल्ल्यांना दोन्ही बाजूंनी धरून राहतील अशी घ्या. पेडलांच्या खालच्या पट्टीला प्रत्येकी तीन भोकं पाडली, दीड-दीड इंचांवर. मूल वाढतं, पेडल एक भोक पुढे सरकवायचं. एवढं केलं तर गाडी तीन-चार वर्षं पुरते.

जुनी गाडी न मिळता कोऱ्या पाइपांपासून बांधायची असेल तर लहान मुलांच्या रेसिंग कार्टचं माप धरा: पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर 950 मिमी. दोन चाकांमधली रुंदी या अंतराच्या किमान दोन तृतीयांश असावी. त्याहून अरुंद आणि उंच गाडी उलटायला बघते. पाइप एक ते सव्वा इंची, दोन मिमी जाडीचा. आणि शेतात पडलेला जीआय पाइप कितीही खुणावत असला तरी वापरू नका. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगला जळतो, त्या धुरानं वेल्डिंगवाल्याला रात्री हुडहुडी भरून ताप येतो आणि जोडही भुसभुशीत होतो. काही जण स्कूटरची चाकं लावतात. चेतकसारख्या स्कूटरची रिम दोन अर्धुकांची, नटांनी जोडलेली असते. ती उघडायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. हवा असताना ते नट ढिले केले तर रिम तोंडावर उडते.

सांगाडा: चुना आणि डिझेल

सगळं सुटं करा. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, दोन कोनांतून. नट-बोल्ट जागेप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाका. पोरीला मी हेच काम दिलं होतं. डब्यांवर तिच्या अक्षरात 'पुढचं डावं चाक', 'ब्रेक' अशा चिठ्ठ्या होत्या, आणि पुढे चार महिन्यांनी जुळणी करताना त्या चिठ्ठ्यांनीच वाचवलं.

मग सांगाडा वायर ब्रशनं आणि कापडी डिस्कच्या ग्राइंडरनं पांढरा होईस्तोवर घासायचा. आता चिरा शोधायच्या. यासाठी महागडे स्प्रे मिळतात, पण जुन्या वर्कशॉपांतली रीत घरच्या सामानात होते. जोडांवर रॉकेल लावायचं. ते हल्ली सहज मिळत नाही, तेव्हा डिझेल चालतं. अर्धा तास मुरू द्यायचं, मग कापडानं खडखडीत पुसून घ्यायचं आणि वरून चुन्याचा किंवा खडूच्या भुकटीचा पातळ हात द्यायचा. तो वाळला की चिरेत मुरलेलं तेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. सगळ्या जोडांवर करा, पण किंगपिनचे कान, मागच्या बेअरिंगांच्या पट्ट्या आणि सीटचे टेकू या तीन जागा दोनदा बघा. आमच्या गाडीत उजव्या किंगपिनच्या कानाखाली अर्धा इंच चीर निघाली. रंगाखाली ती अजिबात दिसत नव्हती.

चीर दिसली की तिच्यावरून वेल्डिंगचा नवा थर ओढणं म्हणजे फोडावर पावडर लावणं. आमच्या गल्लीच्या टोकाला वेल्डिंगचं दुकान चालवणारे आप्पा सत्तरीचे आहेत. सांगाडा टेबलावर ठेवला तसं त्यांनी एवढंच विचारलं, "आंडेरसाठे शे का?" पोरीसाठीच आहे म्हटल्यावर त्यांनी जुना जोड ग्राइंडरनं मुळापर्यंत खोदून काढला, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली म्हणजे ती पुढे धावणार नाही, आणि मग थंड होऊ देत देत तीन टप्प्यांत भरला. तासाभराचं काम त्यांनी अर्धा दिवस केलं. असा माणूस शोधा, आणि त्याला घाई करू नका.

सांगाडा वाकलाय का हे बघायला दोरा पुरे. पुढच्या डाव्या किंगपिनपासून मागच्या उजव्या बेअरिंगच्या पट्टीपर्यंत, आणि मग उलट कर्ण. दोन्ही मापांत तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो काढायचा, बाकी सगळं नंतर.

स्टिअरिंग

गो-कार्टच्या स्टिअरिंगला मोटारीसारखी गिअरपेटी नसते. स्टिअरिंगच्या दांड्याला खाली एक कान, कानाला दोन टाय रॉड, टाय रॉड चाकांना. सगळं थेट. म्हणून एकाही सांध्यात ढिलाई चालत नाही. टाय रॉडच्या टोकांचे बॉलजॉइंट जुने असतील तर विचार न करता नवे घ्या. किंगपिनचे बुश लेथवाल्याकडून पितळेचे करून घ्या.

इथं झालेली चूक सांगतो. पहिल्यांदा गाडी अंगणात ढकलून बघताना डाव्या टाय रॉडचा बोल्ट गळून पडला. मी जुनेच नायलॉनवाले नट पुन्हा लावले होते. असा नट एकदा काढला की त्याच्या आतलं नायलॉनचं कडं पकड सोडतं. पोरगी गाडीत नव्हती, वेग माणसाच्या चालीचा होता, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर नियमच केला: स्टिअरिंग आणि ब्रेकचा प्रत्येक बोल्ट 8.8 ग्रेडचा, नट नवा, आणि जिथं शक्य तिथं खाचांचा नट घालून स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून आरपार घालायची दुपेडी पिन. बोल्टाच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं असतं, दुकानात बघूनच घ्यायचं.

चाकं सरळ करायला पुढच्या दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूची खूण करा, अ‍ॅक्सलच्या उंचीला. खुणा पुढच्या बाजूला असताना त्यांच्यातलं अंतर मोजा, मग चाकं अर्धा फेरा फिरवून मागच्या बाजूला मोजा. दोन्ही सारखी, किंवा पुढचं माप दोन-तीन मिमी जास्त, असं टाय रॉड फिरवून जुळवायचं. शेवटी सांगाड्याला दोन छोटे अडथळे वेल्ड करून घ्या, म्हणजे स्टिअरिंग ठरावीक कोनापलीकडे फिरणार नाही. ते नसतील तर पूर्ण वळणावर टाय रॉड उलटा पडून अडकू शकतो.

ब्रेक

बागेतल्या जुन्या गाड्यांना बहुधा मागच्या अ‍ॅक्सलवर एकच डिस्क असते. पुढे ब्रेक नसतो, आणि या वेगाला तो लागतही नाही. पण जो एक आहे तो शंभर टक्के हवा. आमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढे ढकलणारं नळकांडं, गंजून गच्च झाला होता. मोटारसायकलचा बसवला, पाइप नवा, पॅड नवे. ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतलंच घाला. उघडी पडलेली बाटली हवेतली ओल शोषून घेते. ते रंगावर सांडलं तर रंग उचलला जातो, तेही लक्षात असू द्या. पेडलापासून सिलिंडरपर्यंतचा दांडा मी जाड केला आणि त्याच्या जोडीला एक स्टीलची तार टाकली. दांडा निसटला तर तार ओढते.

तपासणी अशी करायची. इंजिन बसवायच्या आधी गाडीत मुलाला बसवायचं, दोन मोठ्यांनी मागून पळत ढकलायचं आणि 'थांब' म्हटलं की त्यानं ब्रेक मारायचा. मागची चाकं जागेवर अडकून घसटली पाहिजेत. मुलाच्या पायात तेवढं बळ नसेल तर पेडलाचा दांडा लांब करा म्हणजे तरफ वाढेल. माझ्या पायानं ब्रेक लागतो याला काही अर्थ नाही, तो तिच्या पायानं लागायला हवा. तीन वेळा पेडलाची जागा बदलली तेव्हा कुठे तिच्या पायानं चाकं अडकली. त्या संध्याकाळी तिनं किमान चाळीस वेळा आम्हाला ढकलायला लावलं. डावा पाय ब्रेकवर आणि उजवा अ‍ॅक्सिलेटरवर ही सवयही या ढकलगाडीतच लागते.

मागचा अ‍ॅक्सल, चेन आणि थोडं गणित

गो-कार्टचे खास सुटे भाग आपल्याकडे मिळत नाहीत म्हणून अडून बसू नका. जळगावला डाळमिल आणि जिनिंगच्या सामानाची दुकानं आहेत. डाळमिलच्या शाफ्टला लागणारं यूसीपी जातीचं बेअरिंग, म्हणजे बिडाच्या घरात बसवलेलं, कार्टच्या मागच्या अ‍ॅक्सलला चालतं. 25 मिमीच्या अ‍ॅक्सलला 205, 30 मिमीच्याला 206. हे बेअरिंग आपल्या घरात थोडं कलतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या केसभर इकडेतिकडे असल्या तरी अ‍ॅक्सल मोकळा फिरतो. अ‍ॅक्सल फिरवून त्याच्या मध्याजवळ खडू धरा. खडू एकाच बाजूला लागत असेल तर अ‍ॅक्सल वाकलाय. सरळ करत बसू नका, नवा ब्राइट बार, म्हणजे सरळ गुळगुळीत लोखंडी दांडा, घेऊन लेथवर चावीचे घाट, म्हणजे चाकं पक्की बसवायच्या खाचा, पाडून घ्या.

मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दात्यांचं चाक, ज्या हबवर बसतं तो हब नीट मध्यात असला पाहिजे. एका ठिकाणी करून घेतलेला हब थोडा बाहेर गेला होता. चेन एका जागी ताठ, अर्ध्या फेऱ्यानंतर सैल. तशीच चालवली असती तर चेन उतरली असती. दुसऱ्या लेथवर पुन्हा केला. चेनला मध्यावर बोटानं दाबल्यावर साधारण अर्धा इंच खेळ असावा, आणि दोन्ही स्प्रॉकेटांवर स्टीलची पट्टी टेकवली तर ती सगळीकडे सारखी बसावी.

आता वेगाचं गणित, कारण मुलाच्या गाडीत हेच खरं कुलूप आहे. इंजिनाचे फेरे भागिले स्प्रॉकेटचं प्रमाण, म्हणजे चाकाचे फेरे. गुणिले चाकाचा परीघ. आमच्या मागच्या टायरचा व्यास 11 इंच, म्हणून परीघ 0.88 मीटर. आधी पुढे इंजिनाकडे 12 आणि मागे अ‍ॅक्सलवर 60 दात धरले, म्हणजे प्रमाण 5. जीएक्स 160 मिनिटाला 3600 फेरे घेतं. 720 फेरे चाकाचे, ताशी 38 किलोमीटर. जमिनीपासून चार बोटं उंचीवर बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला हा वेग फार. म्हणून पुढे 10, मागे 70 दात केले. प्रमाण 7, वेग ताशी 27. त्यावर इंजिनाच्या गव्हर्नरचा, म्हणजे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचा, स्क्रू फिरवून फेरे 2800 वर आणले. वेग ताशी 21. शिवाय अ‍ॅक्सिलेटरच्या पेडलाखाली एक लांब बोल्ट उभा केला, पेडल त्याच्यापुढे जातच नाही. पहिले दोन महिने तो निम्म्यावर होता. प्रमाण वाढवण्याचा आणखी एक फायदा असा की, सेंट्रिफ्यूगल क्लच, म्हणजे फेरे वाढले की आपोआप पकडणारा क्लच, लवकर पूर्ण पकडतो, घसरत बसत नाही आणि जळत नाही. मुलाला पहिल्यापासून सांगा, ब्रेक दाबून ठेवून अ‍ॅक्सिलेटर द्यायचा नाही.

गव्हर्नर काढून टाकायचा सल्ला देणारा एखादा उत्साही भेटेलच. त्याचं ऐकू नका. या इंजिनाचं फ्लायव्हील ठरावीक फेऱ्यांसाठी ओतलेलं असतं. त्यापलीकडे गेलं तर ते फुटू शकतं, आणि त्याचे तुकडे सीटच्या मागेच असतात.

इंजिन

मी पाण्याच्या पंपावरचं जुनं जीएक्स 160 घेतलं. घ्यायच्या आधी दोरी हळू ओढून बघा. एका जागी चांगला विरोध लागला पाहिजे. थंड इंजिन सुरू करून घ्या, आधीच तापवून ठेवलेलं नको. निळा धूर सतत येत असेल तर रिंग-बोअरचं काम निघेल. घरी आणल्यावर तेल बदला, ते साधारण 0.6 लिटर बसतं. प्लगची फट 0.7 ते 0.8 मिमी. व्हॉल्व्हची फट इनला 0.15, आउटला 0.20 मिमी, इंजिन थंड असताना. कार्बोरेटर खोलून जेट हवेनं साफ करा, तारेनं कोरू नका, भोक मोठं होतं.

हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप त्यानं फुगतात आणि भेगाळतात, शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. तेव्हा पेट्रोलचा पाइप, टाकीचं वॉशर आणि कार्बोरेटरची किट नवीच घाला. टाकी सीटच्या खाली किंवा सायलेन्सरच्या वर नको. सायलेन्सरला जाळी हवी, नाहीतर उतरताना पोराची पोटरी भाजते. चेन, क्लच आणि फिरणारा अ‍ॅक्सल पत्र्यानं पूर्ण झाका. पुढे केसांबद्दल लिहिलंय ते वाचल्यावर हा पत्रा का, ते कळेल.

अ‍ॅक्सिलेटरला दोन स्प्रिंगा लावा, एक पेडलाला आणि एक कार्बोरेटरला. एक तुटली तरी दुसरी बंद करते. इंजिन बंद करायचं बटण दोन ठिकाणी: एक स्टिअरिंगवर मुलाच्या हाताशी, दुसरं गाडीच्या मागच्या बाजूला, दोरी ओढली की चालणारं. सुरुवातीला ती दोरी हातात धरून मी शेजारून पळत होतो. या इंजिनात बंद करायची वायर बॉडीला टेकली की ठिणगी थांबते. म्हणजे वायर तुटली तर इंजिन बंद होत नाही, चालूच राहतं. म्हणून दर वेळी सुरू केल्याबरोबर दोन्ही बटणांनी एकदा बंद करून बघायचं.

केस, ओढणी, हेल्मेट, पट्टा

आपल्या देशात गो-कार्टमध्ये मोकळे केस मागच्या फिरत्या भागात अडकून जीव गेले आहेत. 2020 साली हैदराबादला एका तरुणीचा असाच मृत्यू झाला. हेल्मेट होतं, तरीही. वेणी पाठीवर सोडलेली असली तरी ती अ‍ॅक्सलपर्यंत पोचते. माझी पोरगी आधी घट्ट अंबाडा घालते, त्यावर कापडी टोपी, मग हेल्मेट, आणि मानेवर शर्टाची कॉलर बंद. ओढणी, स्कार्फ, गळ्यातला दोरा, बुटाची लोंबती नाडी यातलं काही चालत नाही. ती बसली की तिची आई मागून हात फिरवून बघते. हे मी आमच्या घरापुरतं बायकोवर सोपवलं आहे, कारण तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय खुणेचं आणि मुलाच्या मापाचं. मोठ्याचं हेल्मेट आत फडकं कोंबून घालायचं नाही.

सीटबेल्टचा प्रश्न सगळे विचारतात. रेसिंग कार्टला पट्टा नसतो, कारण तिला वरचा लोखंडी पिंजराही नसतो. गाडी उलटली तर चालवणारा बाहेर फेकला गेलेला बरा, तिच्याखाली बांधलेला नको. पिंजरा असेल तर पट्टा हवाच. दोन्ही असावेत किंवा दोन्ही नसावेत. आमच्या जुन्या गाडीला पिंजरा नव्हता. तो मी वाढवला नाही, पट्टाही लावला नाही. सीट खोल घेतली आणि वेग कमी ठेवला.

रंग

लवकर उरकतो. जुना रंग खरवडताना सगळ्यात आतला थर जपून बघा, तो गाडीचा जन्माचा रंग. आमच्या सांगाड्याला पिवळ्याखाली निळा आणि निळ्याखाली तांबडा निघाला. तांबडाच दिला. आधी रेड ऑक्साइड, मग घासकागद, मग दोन हात. पावडर कोटिंग देखणं दिसतं, पण त्याचा थर जाड असतो आणि पुढे चीर गेली तर लपते. साधा रंग बरा. पुढच्या पत्र्यावरचा जुना आकडा 7 अर्धा उडालेला होता, तो मी तसाच ठेवला. नवीन रंगवलेल्या गाडीवर ती एकच गोष्ट जुनी दिसते.

कुठे चालवायची

रस्त्यावर नाही. कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावरही नाही. नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. आणि मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं अल्पवयीन मुलानं केलेल्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड ठेवला आहे. दंडापेक्षाही मोठं कारण असं की, ट्रॅक्टरवाल्याला ही गाडी दिसतच नाही, इतकी ती बुटकी असते.

शेतातही नाही. आपल्या काळ्या मातीत टायर रुततात, आणि तिची धूळ एअर फिल्टर एका सकाळीत भरून टाकते. फरशी किंवा काँक्रीटचं आवार हवं. आम्हाला ओळखीतून एका जिनिंगचं आवार मिळालं. हंगामात तिथं पाऊल ठेवायचं नाही, कारण कापसाच्या गंजीजवळ सायलेन्सरची एक ठिणगी पुरते. एप्रिल-मे मध्ये आवार रिकामं होतं, ते झाडून घेतो आणि कोपऱ्यांतला कापसाचा झिरमिळ वेचून काढतो. जवळ दोन किलोचा पावडरचा फायर सिलिंडर असतो. वळणांच्या जागी भिंतीपासून लांब जुनी टायरं रचतो. खांब किंवा कठडा असेल तिथं गाडी नेतच नाही.

उन्हाळ्यात वेळ सकाळी सहा ते आठ. त्यानंतर खान्देशातलं काँक्रीट तव्यासारखं तापतं, टायरातली हवा फुगते आणि हेल्मेटमध्ये मुलाला घेरी येते. टायरात हवा थंड असताना भरायची, आमच्या टायरांना 15 पाउंड पुरते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं थेट भरू नका, एवढं लहान टायर क्षणात फुटतं. सायकलचा पंप चांगला. दर सकाळी सुरू करायच्या आधी आमचा एक फेरा ठरलेला आहे: चारही चाकं हलवून बघणं, स्टिअरिंगच्या स्प्लिट पिना, ब्रेक, चेनचा खेळ, दोन्ही बटणं. हा फेरा पोरगीच करते आणि मोठ्यानं बोलत करते. तिनं 'पप्पा, झालं' म्हटल्याशिवाय मी दोरी ओढत नाही.

पावसाळ्याच्या आधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकीतलं पेट्रोल काढून टाकायचं, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लग काढून आत चमचाभर तेल, दोरी दोनदा हळू ओढायची, प्लग परत लावायचा. चेनला ग्रीस. गाडी विटांवर, चाकं अधांतरी. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत कापडाचा बोळा, कारण पावसाळ्यात उंदीर कोरडी जागा शोधत तिथंच घर करतात. बोळ्याला लाल चिंधी बांधून ती बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे दिवाळीला दोरी ओढायच्या आधी तो काढायची आठवण राहील.